परसबाग, कुत्रा आणि ग्रामसभा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा विषयही त्यांनीच काढून ठेवला होता. 'कामगार चळवळीपुढील आव्हाने' असा तो विषय. त्यावर आम्ही बोललो नसतो असे नाही. गेली तीस वर्षे दुसरे केले आहे काय? परंतु आव्हानांवर बोलू लागले म्हणजे वक्त्याचे सगळे बरोबर असते आणि चुकते ते नेहमी दुसऱ्याचे, असा आमचा अनुभव आहे. म्हणून आम्ही चालकांना म्हटले, आमचे स्वतःचे जे चुकले त्यावर बोलू द्या. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या चैत्रात, आमच्या घरच्या कुत्र्याने कामावरच्या एका बाईला चावा घेतला. चालक जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "लोक हसतील." आम्ही म्हटले, हसू द्यात. उन्हाळ्याचे दिवस आहेत, तेवढीच करमणूक.

आमची ओळख थोडक्यात सांगतो. शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे वाचनालयात, एस.टी.च्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. राहतो ते गाव याच राधानगरी तालुक्यातले, धरणाच्या खालच्या अंगाचे. नाव सांगत नाही. कारण त्या गावच्या कारभाराबद्दल पुढे दोन शब्द बोलावे लागणार आहेत आणि आम्हांला उद्या सकाळी तिथेच परत जायचे आहे.

आपल्या या मुलखाला पाण्याचे कौतुक नवे नाही. शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतले, तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचे आणि वसवलेल्या गावाला आपल्या कन्येचे, राधाबाईंचे, नाव दिले. काम मध्ये बरीच वर्षे रखडले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. त्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आपण सर्वांनी पाहिले आहेत. तलाव भरला की आपले आपण उघडतात, कोणाला अर्ज करावा लागत नाही. पण हे सगळे पावसाळ्यातले. चैत्र लागला की धरणाखालच्या आमच्या गावातसुद्धा नळ एक दिवसाआड येतो, आणि येताना आधी पाव तास नुसती हवा सोडतो. कवींना वसंत कोकिळेच्या आवाजावरून कळतो. आमच्या आळीला तो नळाच्या फुसफुसण्यावरून कळतो.

आमची परसबाग दीड गुंठ्याची आहे. 'आमची' हा शब्द कागदोपत्री खरा, बाकी ती सर्व आमच्या कुटुंबाची करणी. मोरीचे सांडपाणी दगड-विटांच्या खड्ड्यातून गाळून अळवाला आणि केळीला जाते. दोडक्याचा आणि पडवळाचा एक मांडव आहे, शेवगा आहे, मिरची-वांगी आहेत. मोगऱ्याचे तिचे शास्त्र ठरलेले: थंडीत पाणी तोडायचे, छाटणी करायची, झाड अगदी वाळून गेल्यासारखे दिसू द्यायचे आणि मग पाणी सुरू करायचे, पाडव्यानंतर बघावे तर पांढरेशुभ्र. आम्ही एकदा दयेपोटी थंडीत दोन तांबे पाणी घातले होते, त्या वर्षी नुसता पाला आला. त्या दिवसापासून मोगऱ्याच्या बाबतीत आम्हांला मताचा अधिकार नाही.

ज्या दिवसांत मोगरा फुलतो त्याच दिवसांत रान सुकते. काटेसावर आणि पळस फुलून गेलेले असतात, करवंदे आणि जांभळे अजून पिकायची असतात, ओढे आटलेले असतात. मग रानातली मंडळी खाली उतरतात. गवे शिवारात येतात, आणि माकडे गावात येतात. गव्याने उसात काय केले त्याचा पंचनामा होतो, अर्ज करता येतो. माकडाने पडवळ खाल्ले तर अर्ज कोणाकडे करायचा? २०२१ सालच्या उन्हाळ्यात त्यांनी एका सकाळी सगळा मांडव खाली आणला. ती सगळी कहाणी सांगत बसत नाही. एवढेच सांगतो, की त्यानंतर आठ दिवसांनी दाजीपूरच्या रस्त्याला एका मोरीखाली कोणीतरी सोडून दिलेले पिलू आम्हांला दिसले, तेव्हा ते उचलून घरी आणण्यात भूतदया आठ आणे होती आणि पडवळ आठ आणे.

पिलू मोठे झाले ते लांब पायांचे, निमुळत्या तोंडाचे. जाणकार म्हणतात अर्धी जात कारवानी आहे. आम्ही नाव ठेवले मोत्या. आळीने ठेवले 'लीडर'. कारण विचारले तर सांगितले, "भुंकतंय लई, आन् भाकरी टाकली की गप बसतंय." या टीकेला उत्तर देण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही.

कुत्रे कामाचे निघाले. माकडे आमची बाग सोडून शेजाऱ्याच्या कौलांवर बसू लागली, त्यावरून शेजाऱ्याशी दोन वर्षे बोलणे बंद होते. परंतु स्वभाव अवघड. घरच्या माणसांशी गाय, पाहुण्यांशी वाघ. आणि एका गोष्टीचा त्याला विलक्षण राग: पोते. खांद्यावर पोते घेतलेला माणूस दिसला की त्याच्या डोक्यात काहीतरी होई. त्याला मोरीखाली पोत्यात घालून आणून टाकले असावे असा आमचा तर्क आहे. कुत्र्याला विचारण्याची सोय नाही. हा दोष आम्हांला ठाऊक होता. बंधूंनो, इथे आमचे पाऊल घसरले. ठाऊक असूनही आम्ही त्याला सकाळी मोकळे ठेवत होतो, कारण माकडे सकाळीच येतात. आणि लसीचे म्हणाल तर पहिल्या वर्षी टोचून घेतली, दुसऱ्या वर्षी टोचून घेतली. पुढे मोर्चा, संप, निवडणूक यांत राहून गेले. दर वर्षी घ्यावयाची लस राहून गेली, एवढ्या साध्या भाषेत ते सांगतो.

१६ एप्रिलची सकाळ. जोतिबाची यात्रा होऊन चार दिवस झाले होते. घंटागाडी आळीच्या तोंडाशी येते, आत येत नाही, म्हणून गाडीवरच्या बाई कचरा पोत्यात भरून नेतात. त्यांना सगळी आळी अक्का म्हणते. अक्का ठेकेदाराच्या हजेरीवर काम करतात, आणि आमच्या युनियनच्या पावतीपुस्तकात त्यांचे नाव आहे. पोते खांद्यावर घेऊन त्या आमच्या कुंपणापाशी वाकल्या आणि मोत्या कुंपणाच्या फटीतून गेला. पोटरीला चावा. पायात स्लीपर, हातांत काही नाही. तीन वर्षे आम्ही या कामगारांसाठी बूट आणि हातमोजे मागत होतो. ते मिळाले असते तर दात बुटाच्या नळीवर पडले असते, हे आम्हांला त्या क्षणीही सुचले. आणि सुचल्याची लाज वाटली.

आळीतल्या बायका धावून आल्या. एकीने हळद आणली, एकीने तिखट, एकीने चुना. यांतले काहीही जखमेला लावायचे नसते. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवायची, मग दवाखाना. त्या दिवशी नळाचा वार नव्हता. आमच्या कुटुंबाने बागेसाठी भरून ठेवलेले पिंप कामाला आले. मोगऱ्याच्या वाट्याचे पाणी तांब्यातांब्याने अक्कांच्या पायावर गेले.

पिसाळण्याचा रोग हा चमत्कारिक आहे. विष रक्तात भिनत नाही. ते नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे चालते. मेंदूत पोचून लक्षणे दिसू लागली की औषध जवळजवळ नाहीच. जे काय करायचे ते वाटेत असताना करायचे. म्हणून तर पाश्चर साहेबांना १८८५ च्या जुलैत जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला चाव्यानंतर टोचून वाचवता आले. आमच्या लहानपणी कुत्रे चावले म्हणजे पोटात चौदा इंजेक्शने, या धाकाने माणसे चावा लपवत. ती पद्धत आपल्या देशात या शतकाच्या सुरुवातीला बंद झाली. आता दंडात टोचतात. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलेले असेल तर जखमेत वेगळे सीरमही देतात. अक्कांना ते सगळे मिळाले. डॉक्टरांनी पाच दिवस विश्रांती सांगितली आणि आमच्याकडे वळून विचारले, "कुत्रे कोणाचे? लस दिली आहे का?"

तीस वर्षांत आम्ही कितीतरी मालकांना टेबलाच्या पलीकडे बसवून असलेच प्रश्न विचारले आहेत. यंत्राला जाळी होती का? मागची तपासणी कधी केली? त्यांची उत्तरे आम्हांला पाठ आहेत: राहून गेले, करणारच होतो, कामगारानेच जरा जपायला हवे होते. त्या दिवशी ही तिन्ही उत्तरे एकामागून एक आमच्या तोंडाशी आली. आम्ही एवढेच म्हटले, "कुत्रे आमचे. लस चुकली."

डॉक्टर म्हणाले, कुत्रे बांधून ठेवा आणि दहा दिवस पाहा. दहा दिवसांत ते धडधाकट राहिले तर चावताना त्याच्या लाळेत तो रोग नव्हता असे समजायचे. आम्ही त्याला शेवग्याला बांधले. रोज पहाटे उठून पहिले काम, त्याच्यापुढे पाण्याची परात ठेवायची आणि तो पितो का ते पाहायचे. गिळता येईनासे होणे हे त्या रोगाचे एक लक्षण. कुत्रे पाणी पिताना पाहण्यात एवढा वेळ आम्ही पूर्वी कधी घालवला नव्हता. माकडांना काय झाले आहे ते तिसऱ्या दिवशीच कळले. बांधलेल्या कुत्र्यापासून दहा हातांवर बसून त्यांनी दोडके खाल्ले.

आता राजकारण. आमच्या गावात दोन गट आहेत. सत्तेतल्या गटाला आमचा त्रास, कारण बूट-हातमोज्यांचा अर्ज दर ग्रामसभेत आम्ही पुढे करतो. विरोधी गटाला आमचा त्रास, कारण मागे त्यांची सत्ता होती तेव्हाही तोच अर्ज आम्ही पुढे केला होता. चाव्याच्या दुसऱ्याच दिवशी गावच्या सगळ्या मोबाइलवर एक ओळ फिरली: 'कामगारांचा कैवारी, कुत्रा त्याचा कामगारांवर भारी.' यमक बरे होते. रात्री सत्तेतल्या गटाचे एक गृहस्थ घरी आले. चहा घेतला, मोगऱ्याची स्तुती केली, आणि जाताना पायरीवर उभे राहून म्हणाले, "आण्णा, तुम्ही त्या हातमोज्यांचा विषय यंदा काढू नका. आम्ही कुत्र्याचा काढत नाही. पोलिसात जायलाही कुणी सांगणार नाही."

पोलिसांचे नाव उगीच नव्हते. पाळलेल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून काळजी न घेणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, सांगितले आहे. आणि १९२३ सालचा भरपाईचा कायदा तर आमच्या रोजच्या वापरातला. २०२५ च्या नोव्हेंबरात तो नव्या संहितेत गेला, पण तेव्हा लागू होता. कामावर असताना आणि कामामुळे झालेली इजा, तीन दिवसांहून अधिक काळ काम बंद, असे असेल तर भरपाई मालकाने द्यायची. म्हणजे ठेकेदाराकडे मागणी करायची ती आम्हीच, आणि त्याने बोट दाखवायचे ते आमच्याच कुत्र्याकडे.

त्या गृहस्थांना आम्ही काय उत्तर दिले? सांगायला आवडत नाही, पण सांगतो. आम्ही म्हटले, "बघू." नाही म्हटले नाही. ज्या माणसाने आयुष्यभर 'बघू' म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांची नक्कल करून सभेत टाळ्या घेतल्या, तो स्वतःच्या पायरीवर 'बघू' म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच दिवसांची हजेरी पाकिटात घालून अक्कांकडे गेलो. त्यांनी पाकीट उघडले, पैसे मोजून घेतले, कमरेला खोचले आणि म्हणाल्या, "ह्ये माझ्या पोटरीचं झालं. आण्णा, बुटाचं काय? गप बसनार हाय म्हनं तुमी?" गावात गोष्ट किती लवकर पोचते पाहा. आम्ही काही बोलण्याआधी त्याच म्हणाल्या, "तुमचा कुत्रा न्हाई तर दुसऱ्याचा चावंल. काच लागंल, सुई लागंल. तुमच्या कुत्र्यापायी आमी सात बाया अनवानी ऱ्हायाचं व्हय?"

मोत्या दहाव्या दिवशी, म्हणजे २६ एप्रिलला, पाणी प्याला आणि आम्ही त्याच्याजवळ बराच वेळ बसून राहिलो.

१ मे हा महाराष्ट्र दिन आणि कामगार दिनही; गावची ग्रामसभाही त्याच दिवशी. ग्रामसभेला कोरम लागतो, मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसे, यांत जे कमी असेल ते. आमच्याकडे चाळीस जमतात, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नसल्यामुळे ती पुढे दहा जणांत उरकते. धरणाला आहेत तसे स्वयंचलित दरवाजे ग्रामसभेला कोणी बसवले नाहीत. त्या दिवशी मात्र देवळाचा मंडप भरला. तीस वर्षे आम्ही घसा कोरडा करून जे जमले नाही ते आमच्या कुत्र्याने एका चाव्यात करून दाखवले: कोरम पुरा झाला.

आम्ही पहिल्यांदा उठलो आणि कुत्रे आमचे, लस चुकली, सकाळी मोकळे सोडले हे सगळे सांगितले. शांतता पसरली. विरोधी गटाने भाषण तयार करून आणले होते, त्याचा अर्धा भाग आम्हीच म्हणून टाकल्यामुळे त्यांची जरा पंचाईत झाली. मग एक तरुण उठला. गावातली झाडून सगळी कुत्री पकडावीत आणि दाजीपूरच्या जंगलात सोडावीत, असा त्याने ठराव मांडला. टाळ्या पडल्या. हे जंगल १९५८ पासून राखीव, १९८५ पासून राधानगरी अभयारण्य आणि २०१२ पासून जागतिक वारशात. तिथे कुत्री सोडली तर त्यांचे रोग रानातल्या जनावरांना जातील, उपाशी कुत्री हरणांच्या पाडसांमागे लागतील आणि उरलेली महिन्याभरात परत येतील, हे आम्ही सांगितले. कायद्याचेही सांगितले: २००१ चे नियम होते, त्यांच्या जागी २०२३ चे आले, मोकाट कुत्री पकडायची, निर्बीज करायची, टोचायची आणि जिथली तिथे सोडायची. "मग चावली की?" असे तो म्हणाला. प्रश्न बरोबर होता. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या कुत्र्यांवरून आला. ११ तारखेला सगळी उचला असा हुकूम झाला, २२ तारखेला पिसाळलेली आणि हिंस्र सोडून बाकीची टोचून परत सोडा असे ठरले, आणि नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्थानके यांच्या आवारातून उचललेली मात्र परत सोडू नका, असे. मोठ्या न्यायमूर्तींना तीन वेळा बसावे लागले, तर आमच्या ग्रामसभेत गोंधळ झाला यात नवल नाही.

हे भांडण फार जुने आहे. ते घरी येऊन आम्ही वाचले. इंग्रजी अमलात, १८१३ च्या नियमाने, मुंबईत उन्हाळ्याच्या ठराविक मुदतीत मोकाट कुत्री मारण्याची मुभा होती. १८३२ साली ती मुदत १५ जूनपर्यंत वाढवली आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले. आठ आण्यांसाठी लोकांच्या दारची कुत्रीही जाऊ लागली. ६ जूनला पारशी मंडळींचा आणि पोलिसांचा खटका उडाला. कुत्रा त्यांच्या धर्मात पवित्र. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद, आणि किल्ल्यातल्या फौजेकडे जाणारे अन्नपाणी अडले. हिंदू, जैन, मुसलमानही त्यात मिळाले. सरकारला सैन्य आणावे लागले. मग १८३४ साली जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ निघाली. आम्ही मुंबईच्या संपांचा इतिहास कामगारांना शिकवतो तो गिरण्यांपासून. त्याआधी शहर बंद पडले ते कुत्र्यांसाठी, हे वाचून पुस्तक मिटले आणि बाहेर शेवग्याखाली झोपलेल्या लीडरकडे पाहिले.

ग्रामसभेकडे परत येतो. गोंधळ चालला असताना अक्का उठल्या. ग्रामसभेत त्या पूर्वी कधी बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "चावलंय मला, आन् भांडताय तुमी." मग एवढेच मागितले: सातही बायांना बूट आणि मोजे, गाडी आळीच्या आतपर्यंत, आणि ज्याचे कुत्रे त्याने टोचून आणायचे, न आणील त्याचे नाव चावडीवर लावायचे. कोणी विरोध करायचा? दोन्ही गटांनी हात वर केले. एकमेकांकडे बघत बघत केले, पण केले. आमचे नाव चावडीवर लागले ते पहिले. पंधरा दिवस होते.

पुढचे भराभर सांगतो. टोचणीची मोहीम जूनमध्ये झाली, त्यात मोत्या डॉक्टरांच्या अंगावर गेला. निर्बीजीकरणाचे अजून कागद चालले आहेत. भरपाईचा अर्ज आम्हीच लिहिला आणि त्यात कुत्र्याच्या मालकाचे नाव नीट भरले, त्यावर आमची आणि ठेकेदाराची एक तारीख झाली, तिथे तो आम्हांला म्हणाला, "तुम्ही नक्की कोणत्या बाजूने आहात?" बूट ऑगस्टात आले, सगळे नऊ नंबरचे. अक्का त्यात जुने फडके कोंबून घालतात. सात नंबरच्या बुटांचा अर्ज या १ मेच्या ग्रामसभेत आहे, आणि कोरमची काळजी आहे.

कुंपणाची फट आम्ही बुजवली. मोत्या आता घंटागाडी जाईपर्यंत साखळीला असतो, तेवढ्या वेळात माकडे येऊन जातात. यंदा पडवळ लावलेच नाही, त्या जागी सुरण लावला आहे, तो जमिनीखाली असतो. मोगरा मात्र बहरला आहे. गाडीची घंटा वाजली की आम्ही साखळी हातात धरून उभे राहतो. अक्का लांबून भाकरीचा तुकडा टाकतात. तो तुकडा खातो, आणि मग पोत्याकडे बघून भुंकतो.